मिड-इंजिन घरगुती स्पोर्ट्स कार: एअर काढूनही काटा पुन्हा पुन्हा वर जातो तेव्हा

मारुती एस्टीमचं इंजिन आणि गिअरबॉक्स सीटच्या मागे बसवला, रेडिएटर नाकातच ठेवला आणि मधे दोन लांब पाइप टाकले. गाडी सुरू होते, छान ओढते, आणि उभ्याने चालू ठेवली की वीसेक मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्टीकडे निघतो. एअर, म्हणजे पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा, काढली की दोन-तीन फेऱ्या ठीक जातात, मग पुन्हा तेच. यावर नेहमी मिळणारा सल्ला म्हणजे मोठा रेडिएटर लावा, डबल फॅन टाका, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून फेका. बहुतेक गाड्यांत या तिन्हींची गरज नसते. १२९८ सीसीच्या इंजिनाला त्याचा मूळ रेडिएटर पुरतो, कारण तोच रेडिएटर मूळ गाडीत याहून जास्त वजन ओढणाऱ्या इंजिनाला थंड ठेवत होता. बिघडलेलं असतं ते पाण्याच्या वाटेचं गणित. हवा एकदा काढून भागत नाही, तिला बाहेर पडायला कायमची वाट ठेवावी लागते.

पुढचं सगळं एस्टीम किंवा झेनसारखं आडवं इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, अशा मांडणीसाठी आहे. ओम्नी किंवा जिप्सीचं उभं इंजिन पुढेच ठेवून बांधलेल्या गाडीत हा त्रास क्वचितच होतो.

काटा कधी चढतो, ते आधी बघा

पाना हातात घेण्याआधी हे नीट टिपून ठेवा.

उभ्या गाडीत चढतो आणि चालायला लागली की उतरतो: हवेचा प्रवाह कमी पडतोय. पंखा, त्याची वायर किंवा रेडिएटरभोवतीच्या फटी तपासा.

जोरात चालवताना चढतो आणि आयडलवर उतरतो: पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचा रबरी पाइप आत चिकटतोय, रेडिएटर गाळाने भरलाय किंवा पंपाची पाती झिजली आहेत.

अचानक चढतो, अचानक उतरतो, कधी इंजिन कडकडीत तापलेलं असूनही काटा खाली पडतो: हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्याच्या भागात, हवेचा फुगा आहे. सेन्सर पाण्यात बुडालेला नसला तर त्याचं रीडिंग खरं नसतं.

हेडलाइट किंवा पंखा चालू केल्याक्षणी काटा उडी मारतो: हा तापमानाचा प्रश्न नाहीच, अर्थिंगचा आहे. ऐरोली, वाशी, बेलापूर किंवा ठाण्यात कोलशेतच्या बाजूला, खाडीच्या दमट हवेत उघडे अर्थ पॉइंट एका पावसाळ्यात हिरवे पडतात. पावडर कोटिंगवर बसवलेला अर्थ तर पहिल्या दिवसापासूनच अर्धवट असतो. इंजिन ब्लॉक ते चासी आणि चासी ते बॅटरी अशा दोन जाड पट्ट्या टाका, आणि त्या बसतात ती जागा घासून उघडी करा.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चकचकीत अॅल्युमिनियमवर तो बराच कमी आकडा दाखवतो. थर्मोस्टॅट हाउसिंगवर आणि रेडिएटरच्या दोन्ही टोकांना काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि रीडिंग त्या टेपवर घ्या.

हवा परत येते कुठून

एअर काढली होती, गळती कुठे दिसत नाही, तरी आठवड्यात पुन्हा हवा. असं तीन कारणांनी होतं.

पहिलं कारण झाकणाचं. रेडिएटरच्या झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब वाढला की पाणी बाहेर सोडतो, दुसरा इंजिन गार होताना बाटलीतलं पाणी परत आत घेतो. बाटलीकडे जाणारी नळी सैल असेल किंवा बाटलीत पाण्याच्या वर लटकत असेल, तर प्रत्येक वेळी गार होताना सिस्टिम पाण्याऐवजी हवा ओढते. संध्याकाळी एअर काढा, सकाळी ती परत हजर.

दुसरं कारण पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचं. मूळ गाडीत रेडिएटर ते पंप हे अंतर हातभर असतं, इथे ते अडीच मीटर होतं. इतक्या लांबून ओढताना, विशेषतः सिस्टिममध्ये अजून दाब तयार झालेला नसताना, पंपाच्या तोंडाशी वातावरणापेक्षा कमी दाब तयार होऊ शकतो. तिथली होज क्लिप जराशी सैल असली तर बाहेर एक थेंबही न गळता आत हवा शिरते. गळती शोधून थकलेल्या माणसाला ती म्हणूनच सापडत नाही.

तिसरं कारण हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग. त्याबद्दल पुढे.

आणि या तिन्हींच्या मुळाशी उंचीचा प्रश्न आहे. मूळ गाडीत रेडिएटरचं झाकण सिस्टिममधल्या सर्वांत उंच ठिकाणी किंवा त्याच्या जवळपास असतं, त्यामुळे हवा आपसूक तिथे जमते. स्पोर्ट्स कारचं नाक खाली घेतलं की रेडिएटर खाली येतो आणि इंजिनाचं हेड सगळ्यांत उंच राहतं. आता हवा हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या शेजारी, नेमकी नको तिथे साठते. तिथे धातू तापतो, वाफ होते, वाफ पाणी झाकणातून बाहेर ढकलते, आणि गार होताना तेवढीच हवा आत येते. हे चक्र एकदा सुरू झालं की कितीही मोठा रेडिएटर लावा, ते थांबत नाही.

उंची मोजा

गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, पाच मीटर पुरते. गाडी सपाट जागी ठेवून पाच ठिकाणांची उंची मोजा: थर्मोस्टॅट हाउसिंगचा माथा, हीटरच्या नळीचा सर्वांत उंच भाग, रेडिएटरचा वरचा कोपरा, दोन्ही लांब पाइपांची दोन्ही टोकं, आणि पाइप मधे कुठे क्रॉस मेंबरवरून उडी मारत असेल तर ती उडी. आकडे चासीवरच मार्करने लिहा.

पाइपातली उडी हा सगळ्यांत दुर्लक्षित दोष. फक्त ४० मिमीचा उंचवटासुद्धा हवेचा फुगा धरून ठेवतो. पाइप पुढून मागे सलग, थोडासा का होईना, चढता असला पाहिजे. अडीच मीटरमध्ये २५ ते ३० मिमी चढ पुरेसा आहे. क्रॉस मेंबर आडवा येत असेल तर पाइप त्याच्या वरून न नेता खालून किंवा बोगद्याच्या बाजूने न्या, आणि खालून नेलात तर दगड लागू नये म्हणून पट्टी लावा. फिरवायला जागाच नसेल तर उंचवट्याच्या माथ्यावर ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) वेल्ड करून घ्या.

खरा उपाय: हेडर टाकी

दाब पेलणारी एक टाकी, सिस्टिममधल्या सर्वांत उंच ठिकाणाच्याही वर. बहुतेक गाड्यांत ती इंजिनामागच्या फायरवॉलवर, कव्हरच्या अगदी खाली बसते. टाकीचा तळ थर्मोस्टॅट हाउसिंगच्या माथ्यापेक्षा निदान ५० मिमी वर हवा. एवढी जागा मिळत नसेल तर इंजिन कव्हरला फुगवटा द्या, पण टाकी खाली आणू नका. दिसण्यासाठी केलेली तडजोड इथे परवडत नाही.

आकारमान दीड ते दोन लिटर. २ मिमी अॅल्युमिनियम पत्र्याची, टिग वेल्डिंगने केलेली टाकी उत्तम. वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या लहान फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये असं काम होतं, फक्त जोड बारीक आणि सलग हवेत हे आधी सांगा. झाकणाचं नेक कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात भंगार रेडिएटरवरून मिळेल, पण पितळी रेडिएटरचं नेक अॅल्युमिनियमला वेल्ड होत नाही, हे घेतानाच बघा. प्लास्टिकची साधी ओव्हरफ्लो बाटली या जागी चालत नाही, ती दाबाने फाटते.

टाकीला चार तोंडं लागतात.

तळाला १६ ते १९ मिमीचं तोंड. ते पंपाच्या ओढणाऱ्या पाइपात, पंपाच्या शक्य तितक्या जवळ टी घालून जोडायचं. याने पंपाच्या तोंडाशी नेहमी टाकीचा दाब राहतो आणि वर सांगितलेली हवा ओढण्याची खोड थांबते. ही जोडणी नसेल तर टाकी नुसती शोभेची.

वर, पाण्याच्या पातळीच्या वर उघडणारी ६ मिमीची दोन तोंडं. एक थर्मोस्टॅट हाउसिंगच्या माथ्यावरून येणारी हवा घेतं, दुसरं रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून. दोन्ही नळ्यांत २.५ मिमी भोकाचं पितळी रिड्यूसर घाला. भोक मोठं ठेवलं तर गरम पाणी रेडिएटर टाळून टाकीतून सरळ पंपात जातं आणि तापमान वाढतं. १ मिमीचं केलं तर थोड्या गाळाने ते बुजतं.

चौथं म्हणजे झाकण, ०.९ बार शिक्क्याचं. ५०-५० कूलंट या दाबाखाली साधारण सव्वाशे अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं, म्हणजे हाताशी भरपूर अंतर राहतं.

आता रेडिएटरवरचं जुनं झाकण. ते तसंच ठेवलं तर सिस्टिमला दोन झाकणं होतात, आणि जे कमजोर असेल ते आधी उघडतं. नाकातल्या झाकणाजवळ पांढरे-हिरवे डाग दिसत असतील तर हेच चाललंय. तिथे स्प्रिंग नसलेलं, पूर्ण बंद झाकण लावा, किंवा नेकच वेल्ड करून बंद करा.

टाकी बसवण्याआधी तपासा. पूर्ण पाण्याने भरा, हवेचा कण ठेवू नका, मग हातपंपाने १.५ बार दाब देऊन दहा मिनिटं ठेवा. नुसत्या हवेने दाब देऊन तपासू नका. वेल्ड सुटला तर दाबलेली हवा टाकीचे तुकडे फेकते, पाणी नुसतं गळतं.

लांब पाइप

३२ मिमी बाहेरचा व्यास, १.५ मिमी जाडी, अॅल्युमिनियम किंवा ३०४ स्टेनलेस. काळा लोखंडी किंवा जीआय पाइप स्वस्त पडतो म्हणून घालू नका. आतून गंजतो, आणि तो लाल गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. प्लंबिंगचा पीव्हीसी तर नकोच.

पाइपाच्या प्रत्येक टोकाला उंच कडा हवी, मशिनने काढलेली किंवा वेल्डचा गोल थर देऊन केलेली. सपाट टोकावर दोन-दोन क्लिपा आवळल्या तरी गरम झाल्यावर होज सरकतो. वळणं बोटभर नव्हे, सावकाश घ्या. चपटा झालेला कोपरा म्हणजे पाण्याला कायमचा अर्धा बंद नळ. पंपाच्या बाजूला रबर जितकं कमी तितकं बरं, आणि जिथे असेल तिथे आत स्प्रिंग असलेला होज वापरा. पहिल्यांदा पूर्ण तापून गार झाल्यावर सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा आवळा, रबर थोडं बसलेलं असतं.

हीटर काढून टाकला असेल तर त्याच्या दोन्ही नळ्या बूच मारून बंद करू नका. थर्मोस्टॅट बंद असताना इंजिनातलं पाणी या वाटेनेही फिरत असतं. ती बंद केली की थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी उशिरा पोचतं, तो उशिरा उघडतो आणि काटा वर-खाली झोके घेतो. दोन्ही तोंडं एका यू आकाराच्या होजने एकमेकांना जोडा.

थर्मोस्टॅट काढायचा नाही. काढला की एमपीएफआय (फ्यूल इंजेक्शनचं) इंजिन नीट तापत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल देत राहतो आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. शंका असेल तर पातेल्यात पाणी घेऊन, थर्मामीटर सोडून तो उकळून बघा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. त्यात हवा सोडणारी छोटी पिन नसेल तर कडेला ३ मिमीचं एक भोक पाडा आणि बसवताना ते भोक वरच्या बाजूला ठेवा.

भरायची पद्धत

आधी हिशोब करा. वरच्या मापाचा पाइप आतून २९ मिमी, म्हणजे एका मीटरमध्ये ६६० मिली पाणी. दोन पाइप मिळून ४.८ मीटर असतील तर ३.२ लिटर फक्त पाइपांत. त्यात इंजिन, रेडिएटर आणि टाकीतला एक लिटर मिळवा. एस्टीमवर बांधलेल्या गाडीत बेरीज ८ लिटरच्या आसपास येते. आपल्या गाडीचा आकडा काढून लिहून ठेवा, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर उभी आहे.

कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बादलीत आधी एकत्र करून. डब्यावर रेडी मिक्स लिहिलं असेल तर त्यात पाणी घालू नका. सोसायटीच्या बोअरचं किंवा टँकरचं पाणी अजिबात नको. या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे आहेत, क्षारांनी ते आतून खाल्ले जातात.

१. इंजिन पूर्ण गार. पुढच्या चाकांना अडण्या लावून गाडीची मागची बाजू ३० सेमी उचला आणि स्टँडवर ठेवा, नाक जमिनीकडे. हवा टाकीकडे चढली पाहिजे. मूळ गाडीत नाक उचलायची सवय असते, इथे ती उलटी पडते.

२. रेडिएटरचा ब्लीड स्क्रू उघडा. टाकीतून सावकाश ओता, एका लिटरला दोन-तीन मिनिटं. घाईने ओतलेलं पाणी स्वतःखाली हवा कोंडतं.

३. ब्लीडमधून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की तो बंद करा. दोन्ही बाजूंचे रबरी होज हाताने दाबत-सोडत राहा, टाकीत बुडबुडे येणं थांबेपर्यंत.

४. किती लिटर आत गेलं ते मोजा. हिशोब ८ चा आणि गेले साडेसहा, तर दीड लिटर हवा अजून आत आहे. इंजिन सुरू करू नका, ती शोधा. सगळ्या पोस्टमधली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

५. टाकी अर्धी ठेवा, झाकण लावा. एवढं पाणी तापल्यावर साधारण ५ टक्के फुगतं, म्हणजे ४०० मिलीची जागा रिकामी हवीच.

६. आयडलवर सुरू करा, मग मधून मधून २००० ते २५०० आरपीएम. थर्मोस्टॅट उघडला की जाणारा पाइप झपकन गरम होतो, आणि थोड्या वेळाने येणारा पाइप कोमट. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. हात पंख्यापासून लांब, तो न सांगता सुरू होतो.

७. रात्रभर गार होऊ द्या, सकाळी पातळी बघा. पहिल्या दिवशी १००-२०० मिली उतरणं ठीक. गरम असताना झाकण कधीही उघडू नका.

पंखा, वायर आणि फटी

पंखा पुढे आणि बॅटरी मागे गेली की जुनी वायर जोडून लांबवली जाते आणि तिथे व्होल्ट मरतात. १ चौरस मिमी तांब्याची वायर, जाऊन-येऊन ६ मीटर, १० अँपिअरला सुमारे १ व्होल्ट खाते. तेच २.५ चौरस मिमीला ०.४ व्होल्ट. म्हणून २.५ ची वायर, ३० अँपिअरचा रिले, बॅटरीपाशी २० अँपिअरचा फ्यूज. इंजिन आणि पंखा चालू असताना पंख्याच्या प्लगवर मीटर लावा. १३ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे, १२ च्या खाली असेल तर वायर किंवा अर्थ दोषी.

पंखा रेडिएटरच्या मागून काढून पुढे लावला असेल तर नुसत्या वायरी उलट्या करून भागत नाही. पातीही उलटी बसवावी लागते, नाहीतर मोटर फिरते आणि हवा निम्मीच हलते. जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा, तो चिकटून राहिला पाहिजे.

नाक आणि रेडिएटर यांमधली प्रत्येक फट अॅल्युमिनियमची पट्टी आणि फोम लावून बंद करा. हवा नेहमी सोपी वाट धरते, आणि रेडिएटरच्या जाळीतून जाणं तिला सोपं नसतं. रेडिएटरमागून गरम हवा बाहेर जायलाही बॉनेटमध्ये झरोके हवेत. हे दोन्ही न करता पंखा मोठा केला तर तो तीच गरम हवा गोल फिरवतो.

एवढं करूनही बुडबुडे येत असतील

तर हेड गॅस्केट तपासा. भंगारातून आलेलं इंजिन कधीतरी तापून बंद पडलेलं असण्याची शक्यता बरीच असते. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात, पाणी तापायच्या आधीच, वरचा होज दगडासारखा कडक होत असेल तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर वापरा: टाकीच्या तोंडावर धरल्यावर निळं द्रावण पिवळं झालं की निकाल लागला. हेड उतरवलंच तर सरळपट्टी आणि फीलर गेज लावून बघा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग मारून (मशिनवर सपाट करून) घ्या, नुसतं नवं गॅस्केट टिकणार नाही. पाण्याचा पंपही तेव्हाच बाहेर काढून पाती बघा. वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेल्या इंजिनात ती कधी कधी निम्मी उरलेली असते.

चाचणी कुठे आणि कशी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. डोनर गाडीच्या (जिचं इंजिन काढून घेतलं तिच्या) आरसीवर ही गाडी पाम बीच रोडला किंवा घोडबंदरला काढू नका. परवानगी असलेल्या बंद आवारात चाचणी घ्या, लांब न्यायची तर ट्रेलरवर. घोडबंदरचा खोळंबा आवारातही उभा करता येतो: दोन मिनिटं पहिल्या गिअरमध्ये रांगत, तीन मिनिटं उभी, असं सलग ४० मिनिटं, तेही एप्रिल-मेच्या किंवा ऑक्टोबरच्या दुपारी. दर पाच मिनिटांनी टेपवरची तीन रीडिंग लिहा. थर्मोस्टॅट हाउसिंगचा आकडा पंख्यासोबत वर-खाली होत एका पट्ट्यात राहिला तर सिस्टिम बरोबर आहे. प्रत्येक फेरीला दोन-तीन अंश चढतच गेला तर पंख्याकडे आणि फटींकडे परत जा. रेडिएटरच्या जाणाऱ्या-येणाऱ्या टोकांत जेमतेम एक-दोन अंशांचाच फरक दिसला तर पाणी फिरतंय पण हवा लागत नाहीये. तीस अंशांहून जास्त दिसला तर पाणीच सावकाश फिरतंय.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा पार्किंगमध्ये सोडू नका. चवीला गोड असतं, आवारातली कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि ते त्यांना मारायला थोडंसंही पुरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि सांडलेली जागा भरपूर पाणी टाकून, फडक्याने पुसून घ्या.